मानसिक आजार आणि नोकरी: काम करावे, पण कसे?



या सदरासाठी मला जे प्रश्न विचारले जातात, त्यांतला एक नेहमी हळू आवाजात विचारला जातो. घरातल्या मुलाला किंवा मुलीला स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा मोठे डिप्रेशन झालेले असते. औषधे चालू असतात, तब्येत बरीच सावरलेली असते. आणि एक दिवस तो मुलगाच म्हणतो, "आई, मला नोकरी करायची आहे." आईबाप घाबरतात. झेपेल का? ताणाने आजार उलटला तर? ऑफिसात कळले तर? मग ते म्हणतात, "कशाला? आम्ही आहोत ना! तू फक्त आराम कर."

माझे उत्तर आधीच सांगते. आजार आटोक्यात असेल आणि माणसाला स्वतःला काम हवे असेल, तर त्याला काम करू द्यावे. मात्र ते खरे काम असावे. म्हणजे त्याचे दाम मिळावेत, त्याला ठरलेले तास आणि सुट्टी असावी, आणि ते त्याने स्वतः निवडलेले असावे. या तीन गोष्टी असतील तर काम औषधाच्या जोडीने गुण देते. नसतील तर तेच काम माणसाला पिळून काढते. असे का, हे मी आमच्या गावच्याच एका जागेवरून सांगते.

ग्रेस्टोनची गोष्ट

मी राहते ते पार्सिपनी हे न्यू जर्सीतले गाव आज भारतीय वस्तीसाठी ओळखले जाते. रूट ४६ वरून जाताना देशी वाणसामानाची दुकाने आणि उपाहारगृहे दिसतात. पण याच गावाच्या कडेला, मॉरिस प्लेन्सच्या बाजूला, ग्रेस्टोन पार्क हे राज्य सरकारचे मनोरुग्णालय आहे. ते १८७६ साली सुरू झाले. त्या काळी मनोरुग्णांना तुरुंगात किंवा गरीबखान्याच्या तळघरात डांबून ठेवत. डोरोथिया डिक्स नावाच्या बाईंनी त्याविरुद्ध अनेक राज्यांत आवाज उठवला, आणि त्यातून अशी रुग्णालये उभी राहिली. मोकळी हवा, नियमित दिनक्रम आणि हाताला काम, हेच उपचार, अशी तेव्हाची कल्पना होती. मोठी जमीन, शेती, गुरे, धुलाईघर, स्वयंपाकघर, शिवणकाम असे सगळे आवारातच असे आणि रुग्ण त्यात काम करत.

कल्पना चांगली होती. कामाला जाणारे रुग्ण रिकामे बसणाऱ्यांपेक्षा शांत राहतात, जेवतात, झोपतात, हे त्या काळच्या डॉक्टरांनीही पाहिले होते. पण पुढे रुग्णालये फुगत गेली. १९५० च्या दशकात ग्रेस्टोनमध्ये सात हजारांवर रुग्ण होते. अमेरिकेतल्या अशा अनेक सरकारी रुग्णालयांचा गाडा रुग्णांच्याच कष्टांवर चालू लागला. पगार नाही, किंवा नावाला चार पैसे. जो रुग्ण चांगले काम करी, त्याला घरी सोडण्याची घाई कोणाला नसे. त्याच्यावाचून धुलाईघर कोण चालवणार?

१९७३ साली वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने निकाल दिला की रुग्णाच्या कामाचा फायदा संस्थेला होत असेल, तर त्याला किमान वेतनाचा कायदा लागू होतो. न्याय झाला. पण पुष्कळ ठिकाणी पगार देण्याऐवजी कामच काढून घेतले. कालपर्यंत फुकट राबणारा माणूस आता दिवसभर टीव्हीपुढे बसून राहू लागला.

ग्रेस्टोनचे नवे रुग्णालय २००८ साली सुरू झाले आणि जुनी दगडी इमारत २०१५ मध्ये पाडली. आवाराच्या मोठ्या भागात आता सार्वजनिक उद्यान आहे. लोक तिथे फिरायला, खेळायला येतात.

ठाण्याच्या आपल्या लोकांना अशी जागा समजावून सांगायला नको. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. "ठाण्याला भरती करा याला!" हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकला आहे, काहींनी केलाही आहे. त्या विनोदाच्या भीतीनेच किती घरांनी आजार लपवला आणि उपचाराला उशीर केला!

ग्रेस्टोनच्या इतिहासात जी दोन टोके दिसतात, तीच मला आपल्या घरांत दिसतात. एका घरात मुलाला काचेच्या भांड्यासारखे ठेवतात. पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत. दुसऱ्या घरात तोच मुलगा काकांच्या दुकानात दिवसभर खोकी उचलतो, कारण "त्याला तेवढाच विरंगुळा." पगार मात्र काही नाही. दोन्ही घरांत माया आहे, आणि दोन्हीकडे मुलाचे नुकसान होते.

काम काय देते

पहिली गोष्ट, दिवसाला आकार येतो. मानसिक आजारात झोप सगळ्यांत आधी बिघडते. सकाळी नऊला कुठे तरी पोचायचे असेल तर रात्री वेळेवर झोपावे लागते, न्याहारी होते, औषधाची वेळ पाळली जाते.

दुसरी, माणसांत वावर होतो. आजार माणसाला खोलीत ओढतो. कामावर "गुड मॉर्निंग" म्हणावेच लागते, आणि तेवढ्यानेही मनाला हालचाल मिळते.

तिसरी, स्वतःचे पैसे. स्वतःच्या पैशांनी आईसाठी घेतलेल्या चपलांची जोडी ही गोळीत मिळत नाही.

चौथी, ओळख. आपल्या मेंदीला, लग्नाला, मलिद्याला गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "सध्या काय करतोस?" या एका प्रश्नाच्या भीतीने कित्येक मुले समारंभाला येत नाहीत. वॉर्डात काम करताना मी पाहिले आहे, दीर्घ आजाराचा माणूस स्वतःची ओळख आजाराच्या नावाने करून देऊ लागतो. काम मिळाले की त्याला सांगायला दुसरे काही असते.

आपल्या जुन्या लोकांनीही हे ओळखले होते. मिश्नात एक नियम आहे. नवऱ्याने बायकोला काहीच काम करू न देण्याची शपथ घेतली, तर त्याने तिला केतुबाची रक्कम देऊन मोकळे करावे, असे रब्बान शिमोन बेन गमलिएल यांचे मत आहे. कारण, रिकामपणाने मन बिघडते. म्हणजे कामापासून तोडणे हा त्यांनी अन्याय मानला.

आधुनिक संशोधन काय सांगते? पूर्वी पद्धत अशी होती की आधी रुग्णाला आश्रित कार्यशाळेत पाकिटे चिकटवायला, मेणबत्त्या करायला बसवायचे, आणि तो "तयार" झाला की नोकरीचे पाहायचे. बहुतेकांची ती तयारी कधी पूर्ण होतच नसे. १९९० च्या सुमारास न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी ही पद्धत उलटी केली. ज्याला काम हवे त्याला त्याच्या आवडीची, बाजारभावाने पगार देणारी साधी नोकरी लवकर शोधून द्यायची, आणि नोकरी लागल्यावर मदत चालू ठेवायची. नोकरीचा सल्लागार आणि मानसोपचाराची टीम एकत्र काम करतात. या पद्धतीला 'आयपीएस' म्हणतात. अनेक देशांत तिच्या चाचण्या झाल्या. जुन्या पद्धतीच्या मानाने या पद्धतीत नोकरी लागणाऱ्यांचे प्रमाण साधारण दुप्पट आढळले. नोकरीमुळे आजार बळावतो ही भीतीही त्या चाचण्यांत खरी ठरली नाही.

अडचणी खऱ्या आहेत

आता दुसरी बाजू. अडचणी नाहीत असे म्हणणे म्हणजे रुग्णाची फसवणूक करणे.

औषधांची गुंगी: काही गोळ्यांनी सकाळी डोळे उघडत नाहीत, तोंड कोरडे पडते, हात थरथरतो. म्हणून गोळी बंद करू नका. डॉक्टरांना कामाची वेळ सांगा. पुष्कळदा गोळी घेण्याची वेळ किंवा मात्रा बदलून मार्ग निघतो. "नोकरी लागली, आता मी बरा झालो," म्हणून औषध सोडणारे रुग्ण काही महिन्यांत पुन्हा वॉर्डात आलेले मी पाहिले आहेत.

लिथियम घेणाऱ्यांसाठी खास सूचना: शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते आणि ते विषारी ठरू शकते. उन्हात किंवा गरम गोदामात काम असेल तर पाणी जवळ ठेवा. अंगदुखीवर आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्यानेही लिथियम वाढते. रक्ततपासणी चुकवू नका. आणि दार फळणीच्या सणाला, म्हणजे किप्पूरला, पाण्याविना उपास करण्याआधी डॉक्टरांना अवश्य विचारा. जीव वाचवणे हे उपासाहून मोठे आहे, हे आपला धर्मच सांगतो.

झोप आणि शिफ्ट: बायपोलर असलेल्या माणसाला रात्रपाळी आणि सतत बदलती पाळी फार त्रासदायक. झोप तुटली की आजार उसळू शकतो. आमच्या भागात पुष्कळ मुले आयटीत आहेत. दिवसा इथले काम आणि रात्री उशिरा भारतातल्या टीमशी फोन. तरुण, निरोगी माणसाचीही याने झोप उडते. नोकरी घेताना पगाराआधी वेळ विचारा.

लक्ष आणि आठवण: आजारामुळे आणि औषधांमुळे एकाग्रता कमी होते. तोंडी सांगितलेली पाच कामे लक्षात राहत नाहीत. लिहून घेतली तर होतात.

व्हिसाची भीती: एच-१बी वर आलेल्या माणसाची नोकरी गेली, तर नवी नोकरी किंवा दुसरा मार्ग शोधायला साधारण ६० दिवसांची मुदत मिळते. या भीतीने मुले आजार घट्ट लपवतात आणि उपचारही टाळतात. पण मंजूर झालेली आजारपणाची रजा म्हणजे नोकरी जाणे नव्हे. अशा वेळी नातेवाइकांचा सल्ला न घेता इमिग्रेशनच्या वकिलाचा घ्यावा.

साहेबाला सांगावे का?

हा निर्णय रुग्णाचा आहे, आईबापांचा नाही. अमेरिकेत १९९० चा अपंगत्व कायदा मानसिक आजारालाही लागू होतो. पंधरा किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाला तो बांधील आहे. न्यू जर्सीचा भेदभावविरोधी कायदा तर लहान मालकांनाही लागू आहे. नोकरी देऊ करण्याआधी मालकाला "तुम्हाला काही मानसिक आजार आहे का?" असे विचारता येत नाही.

काही सोय हवी असेल तरच सांगावे लागते, आणि तेव्हाही सगळी कहाणी सांगण्याची गरज नसते. "माझ्या एका आजारामुळे मला अमुक सोय लागेल," असे एचआर विभागाला लेखी कळवावे. ते डॉक्टरांचे पत्र मागू शकतात. सोयी साध्या असतात: कामाची वेळ तासभर पुढे करणे, डॉक्टरांच्या भेटीसाठी सुट्टी, शांत जागेत टेबल, लेखी सूचना, मधे दोन छोट्या विश्रांती. कामाची मूळ जबाबदारी मात्र पार पाडावीच लागते.

आजार वाढला तर रजेचे मार्ग आहेत. मोठ्या कंपनीत, म्हणजे पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे, वर्षभर नोकरी आणि ठरलेले तास पूर्ण केलेल्या माणसाला १२ आठवड्यांची बिनपगारी पण नोकरी राखणारी रजा मिळू शकते. न्यू जर्सीत १९४८ पासून तात्पुरत्या अपंगत्वाचा विमा आहे. डॉक्टरांच्या दाखल्यावर त्यातून पगाराचा काही भाग मिळतो, आणि मानसिक आजार त्यात येतो.

सरकारी मदत बंद होईल का?

या भीतीने कितीतरी लोक काम सुरूच करत नाहीत. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचे अपंगत्वाचे पैसे मिळणाऱ्याला नऊ महिने काम करून पाहण्याची मुभा असते. त्या महिन्यांत कितीही कमावले तरी पैसे चालू राहतात, फक्त कमाई वेळेवर कळवावी लागते. पुढे पैसे बंद झाले तरी मेडिकेअर आणखी किमान पावणेआठ वर्षे राहू शकते. एसएसआयचे नियम वेगळे आहेत, ते आधी विचारून घ्या. न्यू जर्सीत काम करणाऱ्या अपंग व्यक्तींसाठी वर्कअ‍ॅबिलिटी नावाची मेडिकेडची योजना आहे. नोकरी शोधायला राज्याचा व्यवसाय पुनर्वसन विभाग मदत करतो.

इस्राएलमधल्या वाचकांसाठी: २००० सालच्या कायद्याप्रमाणे, मानसिक आजारामुळे किमान ४० टक्के अपंगत्व ठरलेल्या व्यक्तीला "सल शिकुम" मिळू शकते. त्यात राहणे, शिक्षण आणि नोकरीची मदत येते. २००९ पासून लागू झालेल्या लारोन कायद्यामुळे काम करणाऱ्याचा भत्ता एकदम तुटत नाही, कमाईप्रमाणे हळूहळू कमी होतो. त्यामुळे काम केल्याने हातात एकूण जास्तच पैसे येतात.

भारतातल्या वाचकांसाठी: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, आणि सरकारी नोकऱ्यांत ज्या गटाला १ टक्का जागा राखीव आहेत त्यात तो येतो. त्यासाठी दाखला काढावा लागतो. तो काढायला लाजू नका.

सुरुवात कशी करावी

१. आधी झोप, औषध आणि आंघोळ-जेवण किमान काही आठवडे नियमित होऊ द्या.

२. आवड विचारा. ज्याला माणसांची गर्दी सोसत नाही त्याला दुकानाच्या गल्ल्यावर बसवू नका. त्याला ग्रंथालय, माळीकाम, बेकरी, संगणकाचे काम जमेल.

३. थोड्या तासांनी सुरुवात करा. आठवड्यात दहा-बारा तास. जमले की वाढवा.

४. धोक्याच्या खुणा लिहून ठेवा. प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. दोन रात्री झोप न येणे, आंघोळ टाळणे, फार बोलणे किंवा अजिबात न बोलणे, लोक आपल्याविषयी बोलतात असे वाटणे. खूण दिसली की लगेच डॉक्टरांना फोन करायचा.

५. पहिली नोकरी सुटली तर ती हार समजू नका. निरोगी माणसेही पहिली नोकरी सोडतात. काय जमले नाही ते पाहून दुसरी शोधा.

घरच्यांसाठी

मुलगा कामावरून आला की "आज काही त्रास नाही ना झाला?" असे रोज विचारू नका. "आज काय केलेस?" असे विचारा. पगार त्याच्या खात्यात जाऊ द्या. घरच्या दुकानात काम देत असाल तर जरूर द्या, पण तास ठरवा आणि इतर नोकराला द्याल तेवढाच पगार द्या. मजुराची मजुरी त्याच दिवशी द्यावी, अशी तोराची आज्ञा आहे, आणि त्यात घरच्या माणसाला सूट दिलेली नाही.

घरकामाचेही तसेच. डिप्रेशन असलेली सून चार माणसांचा स्वयंपाक करते, मुले सांभाळते, आणि तरी "ती घरीच असते" असे आपण म्हणतो. तेही काम आहे. त्यालाही विश्रांती आणि कौतुक लागते.

विश्रांतीचे महत्त्व आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. कोकणात आपले पूर्वज घाणे चालवत, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून तर लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. कष्टाचे काम करणारी ती माणसे एक दिवस हटकून थांबत. शब्बाथाची आज्ञा देताना तोरात मिसरच्या गुलामीची आठवण करून दिली आहे. विश्रांती नसलेले, दाम नसलेले काम म्हणजे गुलामी, हे आपल्याला तेव्हापासून ठाऊक आहे. आजारी माणसाला तर थांबण्याचा दिवस अधिकच हवा.

आणि एकटे पडू नका. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते लपवले नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली, आणि या आजारावरच्या 'देवराई' या २००४ सालच्या मराठी चित्रपटामागेही ते उभे राहिले. एका कुटुंबाने तोंड उघडले, तर शंभर कुटुंबांना धीर येतो.

शेवटी, काम थांबवण्याची वेळ कोणती, तेही सांगते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार, कानात आज्ञा देणारे आवाज, अनेक रात्री झोप नाही, किंवा यंत्र वा गाडी चालवताना भान राहत नाही: यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी कामावर जाऊ नये, डॉक्टरांकडे जावे. तातडीच्या वेळी अमेरिकेत ९८८, इस्राएलमध्ये एरानचा १२०१ आणि भारतात टेली-मानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत. आजच फ्रिजवर चिकटवून ठेवा. बरे वाटल्यावर कामावर परत जाण्याची बोलणी करता येतील. आजारपणाची रजा घेतलेला माणूस हा कामाचा माणूसच असतो.